काळीच्या राज्यातला पोयटा

मराठीत मातीवर जे काही लिहिलं गेलं आहे, त्यातलं चौदा आणे काळ्या मातीवर आहे. तिच्या भेगा, तिचा चिकटपणा, तिच्यातला कापूस आणि तिच्यावरच्या कविता. उरलेल्या दोन आण्यांत मुरूम, बरड आणि कोकणातला जांभा उरकतात. पोयट्याच्या वाट्याला येते ती रोपवाटिकेच्या दारावरची पाटी, ‘पोयटा माती मिळेल’. पुणेकरांना गच्चीत कुंड्या लावायची हौस आहे म्हणून एवढं नाव तरी टिकलं. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत वाखाणणारे रसिक पुष्कळ भेटतात, पण ते वांगं ज्या मळीच्या जमिनीत वाढलं तिची चौकशी करणारा अजून भेटायचा आहे.

मातीचं वर्गीकरण, हे गट आणि ते उपगट, यांत मी शिरत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे नकाशे आहेत, हौशी वाचकांनी पाहावेत. आपल्यापुरतं एवढं पुरे की वाळूहून बारीक आणि चिकणमातीहून जाड, ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर व्यासाचा कण म्हणजे गाळाचा कण, ज्याचा पोयटा बनतो. चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळली की वाळू खरखरते, चिकण बोटाला धरून बसते आणि हा गाळ पिठीसारखा निसटतो. दाताखाली धरला तर किंचित करकरतो. आमच्या पिढीला ही परीक्षा शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात करायला लावली होती. आता उपग्रहाच्या चित्रावरून मातीचा पोत सांगणारे आले आहेत. सांगोत बापडे. त्यांच्यातल्या एकाला मी मातीची चिमूट जिभेवर ठेवायला सांगितलं, तर त्याने आधी सॅनिटायझर मागितलं.

माझं जुनं तुणतुणं असं की गाळाची गुणवत्ता कणात जेवढी आहे तेवढीच उतारात आहे. गाळाच्या मधल्या आकाराच्या पोकळ्या पिकाला लागेल तेवढं पाणी धरतात आणि जास्तीचं सोडून देतात. मात्र ते सुटलेलं पाणी कुठेतरी जायला हवं. जमीन नदीकाठच्या कड्याच्या धारेवर असेल तर ते कड्याच्या तोंडातून पाझरून नदीला मिळतं. सपाटीवर असेल तर खालीच तुंबतं, आणि याच पोकळ्या ते केशाकर्षणाने वर ओढून आणतात. येताना क्षार घेऊन येतात. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास खेळू लागलं आणि दोन-अडीच दशकांत काठच्या जमिनींवर पांढरं फुटलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या हॅरॉल्ड मॅन यांनी त्या खारपड जमिनींवर, ताम्हणे यांच्यासह, १९१० मध्ये पुस्तिका काढली. पुढे १९१६ मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांचा खास विभाग काढला, त्यातूनच खडकवासल्याची जल आणि विद्युत संशोधन संस्था वाढली. एवढं होऊनही आजचा सल्ला काय, तर पाणी द्या, खत द्या. चर खणा असं सांगणारा माणूस गावात आला की लोक त्याला चहा पाजून वाटेला लावतात.

निचऱ्याचा, आणि जुन्या तळ्यात बसलेल्या गाळाचा, खरा थाट पाहायचा तर काश्मीरला जावं लागतं. पीर पंजाल उंचावत गेला, खोऱ्याचं पाणी अडलं, तळं झालं, आणि लाखो वर्षं त्यात गाळ बसत राहिला. मग बारामुल्ल्याच्या बाजूने वाट फुटून पाणी गेलं. मागे राहिले ते करेवा, म्हणजे माथ्यावर सपाट आणि कडेला सरळ तुटलेले पठारी तुकडे. त्यांच्यावर नंतर वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीचा थर चढला. मार्तंडाचं मंदिर अशाच एका करेव्यावर आहे आणि श्रीनगरचा विमानतळही. डी टेरा आणि पॅटर्सन यांनी १९३९ च्या ग्रंथात या थरांतून हिमयुगांची गोष्ट लावली. तिच्यातली बरीचशी जुळणी पुढच्यांनी मोडली, पण कडे वाचायची सवय त्यांनी लावली. आमच्या डेक्कन कॉलेजचा पायही तिथे पडलेला आहे. ह. धी. सांकळिया १९६९ मध्ये पहलगामला लिद्दरकाठी अश्मयुगीन हत्यारं शोधून आले. याच करेव्यांवर पांपोरचा शेतकरी केशराचे चौकोनी वाफे करतो आणि चारही बाजूंनी चर काढतो, कारण केशराचा कंद ओलीत कुजतो. त्याला मातीशास्त्र कुणी शिकवलं नाही. दिवाळीच्या आसपास तिथे फुलं खुडायची घाई असते, आणि आपल्या बासुंदीतल्या काडीमागे पाण्याचा निचरा आहे हे आपल्या गावीही नसतं. चीनच्या पिवळ्या मातीबद्दल आणि अमेरिकेतल्या हिमयुगीन तळ्यांबद्दल इंग्रजीत हवं तेवढं आहे. ते सोडून मी घरी येतो.

घरी म्हणजे कुकडीकाठी, जुन्नर तालुक्यात, बोरीला. निघोजचे रांजणखळगे पाहायला याच नदीवर गाड्यांची रांग लागते, ओझरच्या विघ्नेश्वरालाही लागते. बोरीच्या कड्यासमोर मात्र रांग लागलेली मी पाहिली नाही. खाली चुनखडीने घट्ट बांधलेले गोटे आणि जाड वाळू, त्यात हातकुऱ्हाडी. वर तपकिरी, पिवळसर गाळ, अधूनमधून चुनखडीच्या गाठी. आणि मध्येच फिक्या करड्या, जवळजवळ पांढऱ्या राखेचा पट्टा. ती राख हातात घेतली तर वजन लागत नाही, भिंगाखाली काचेचे धारदार कपचे दिसतात. सुमात्रातल्या टोबाची ही राख. तो ज्वालामुखी आज स्वतःच एक तळं होऊन बसला आहे.

या राखेवरून झालेली भांडणं आमच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिली. १९८९ मध्ये तिचं वय १४ लाख वर्षं निघालं. मग दुसऱ्या पद्धतीने १९९५ मध्ये ६ लाख ७० हजार. त्याच वर्षी काचेच्या रासायनिक घडणीवरून तिसऱ्यांनी सांगितलं की ही टोबाची सर्वांत ताजी राख, फार तर ७५ हजार वर्षांची, आणि १९९८ मध्ये द्वीपकल्पीय भारतातल्या साऱ्या राखा एकाच स्फोटाच्या म्हणून त्यावर शिक्का मारला. जुन्या वयाला चिकटून राहिलेले लोक पुण्यात होते आणि त्यांचे मुद्दे पोरकट नव्हते. शेजारची हत्यारं त्यांना खूप जुनी दिसत होती. मोरगावला कऱ्हेकाठी तीच राख मिळाल्यावर वाद आणखी रंगला. चर्चासत्रांत मंडळी चहाच्या सुट्टीतही एकमेकांना बशी सरकवत नसत.

माझी तक्रार दोन्ही बाजूंवर आहे. सगळे राखेचं वय विचारत होते. राख ज्या गाळात झोपली आहे त्याला कुणी विचारलं नाही. एवढी हलकी, बारीक राख वाहत्या लोंढ्यात अशी एकत्र राहत नाही. ती साचायला थबकलेलं पाणी लागतं, पुराने नदीकडेला सोडलेलं डबकं, संगमाजवळ मागे रेटलेला फुगवटा. मी त्याला तळं म्हणतो. एक विद्वान मित्र मला भर सभेत म्हणाले, ‘आठवड्यापुरतं साचलेलं पाणी म्हणजे तळं नव्हे.’ नसेल. पण दख्खनच्या या गाळांत ठिकठिकाणी गोड्या पाण्यातले शिंपले सापडतात, आणि शिंपला आठवड्यात वाढत नाही. दरवर्षी भरणारं, हिवाळाभर टिकणारं पाणी मला तिथे दिसतं. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेला क्रम या चित्राला सोयीचा आहे. पाऊसमान क्षीण होतं तेव्हा नद्यांना गाळ वाहून नेण्याची ताकद नव्हती, पात्रं भरत गेली. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत मान्सून तगडा झाला आणि त्याच नद्यांनी आपलाच गाळ चिरला. कडे तेव्हा उभे राहिले, आणि उतार व निचरा दोन्ही तेव्हाच आले. घोड नदीच्या काठी इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वी जे शेतकरी वसले, ते या चिरलेल्या गाळाच्या धारेवरच. त्यांनी पाट आणि बांध घातल्याचं ढवळीकरांच्या उत्खननात निघालं. त्यांना निचऱ्याची अक्कल आपल्याहून जास्त होती असं मी वर्गात सांगत असे, आणि पोरं हसत.

असा कडा कोरडा असताना कुदळीला दाद देत नाही, चुना कणांना धरून ठेवतो. वेडा राघू त्यात हातभर खोल बिळं कोरतो. मात्र वरून पाणी मुरलं की आतून भुयारं पडतात आणि एखाद्या सकाळी अख्खी दरड नदीत बसते. गाळाचा कण वाळूइतका जड नाही आणि चिकणासारखा धरूनही बसत नाही, म्हणून पाणी त्यालाच आधी उचलतं. प्रवरेच्या काठच्या ओघळी आणि घळी अशाच झाल्या. आता त्या घळींत बुलडोझर घालून सपाटी करतात आणि ऊस लावतात. दोन पावसाळ्यांत ओघळ परत उघडते, पुन्हा बुलडोझर येतो. या विषयावर शोधनिबंध चांगले आहेत, वाचायला कंटाळवाणे.

खुद्द पुण्याची कथा याहून थोडक्यात आटपते. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं, आता तिथे सारसबाग आहे आणि तळ्यातला गणपती हिरवळीत बसला आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं, आणि धरणाचा तळ उघडा पडला. घराघरांत चिखल शिरला तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, ते रास्तच होतं. पण तळ्याचा गाळ पाणी निघून गेल्यावर कसा वाळतो, कसा भेगाळतो हे त्या पावसाळ्यानंतर पुणेकरांनी फुकटात पाहिलं आणि लिहून ठेवलं नाही. मॅन यांनी १९१७ मध्ये ज्या पवनाकाठच्या पिंपळे सौदागरचा जमिनीचा तुकडा अन् तुकडा मोजला, तिथे आज बारा-पंधरा मजली सोसायट्या आहेत. वाड्यांच्या भिंती ज्या पांढरीने लिंपल्या, ती आता ट्रकने विकली जाते. नदीकाठचा पोयटा वीटभट्ट्यांनी खाल्ला, उरलेल्यावर सुशोभनाचे बांध चढताहेत. काश्मिरातही हेच, रेल्वे आणि रस्त्यांच्या भरावासाठी करेवे कापले गेले.

एका जागी मात्र नवा गाळ रोज तयार होतो आहे, धरणांत. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीच्या फुगवट्यात उन्हाळ्याकडे पाणी ओसरू लागलं की पळसदेवचं जुनं देऊळ डोकं वर काढतं आणि काठाच्या उतारावर गाळपेर सुरू होते. पाणी जसं खाली सरकेल तशी पेर खाली सरकते, मका, कडवळ, कलिंगड. पाणी द्यावं लागत नाही, ओल खालून येते, आणि उतार असल्यामुळे ती कुजवतही नाही. दुष्काळात सरकार हीच जमीन चाऱ्यासाठी देतं. आणि तेच सरकार २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ म्हणत धरणातला गाळ उपसून माळावर टाकायला सांगतं. योजना वाईट नाही. पण मुरमाड माळावर टाकलेला गाळ आणि खोल काळीवर टाकलेला गाळ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तो पाणी धरतो, दुसऱ्यात आधीच तुंबणाऱ्या जमिनीचा निचरा आणखी मारतो. ट्रॅक्टर कुठे रिकामा करायचा हे माती बघून ठरवावं, ट्रॉलीचं भाडं बघून नव्हे.

तापी-पूर्णेच्या घळींबद्दल लिहायचं राहिलं. तिथला गाळ शेकडो मीटर खोल आहे, खाली जमीन खचत गेलेली आहे, आणि बोरीचे नियम तिथे लागत नाहीत. या लेखात त्यांना कोंबलं तर भुसावळचे वाचक मला सोडणार नाहीत. संपादकांनी पुढच्या अंकात जागा दिली तर पाहू.