वजन घटविणारी शस्त्रक्रिया : फलनिष्पत्तीचे मोजमाप आणि शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषा

प्रस्तावना

अतिस्थूल व्यक्तीचे वजन घटविण्यासाठी जठर व आतडे यांवर ज्या शस्त्रक्रिया केल्या जातात त्यांना वैद्यकीय परिभाषेत बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया असे म्हणतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील सुशिक्षित वर्गाला हे नाव आता अपरिचित राहिलेले नाही. जाहिरातींतून 'आधी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रांची जोडी पाहावयास मिळते. या दोन छायाचित्रांमध्ये बहुधा वर्ष-दीड वर्षाचे अंतर असते. दहा किंवा पंधरा वर्षांनंतरचे तिसरे छायाचित्र सहसा नसते. शस्त्रक्रियेचे यश कोणत्या मापाने आणि किती काळानंतर मोजावयाचे, तसेच त्या उत्तरावरून रुग्णाच्या पुढील शुश्रूषेविषयी काय निष्पन्न होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मुख्यत्वे स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासाचा आधार घेतला आहे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

या शस्त्रक्रियांचा आरंभ १९५० च्या दशकात अमेरिकेत झाला. लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळचा मार्ग करून द्यावयाचा, अशी ती पहिली पद्धत होती. वजन घटत असे. परंतु यकृत निकामी होणे, मूत्रपिंडात खडे होणे आणि तीव्र कुपोषण यांमुळे ही पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. केवळ वजनकाट्यावर विसंबून यश ठरविल्यास काय घडते, याचा हा पहिला धडा होता. पुढे आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये 'गॅस्ट्रिक बायपास' ही पद्धत प्रथम अवलंबिली. तीत जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी राखून ती थेट लहान आतड्यास जोडली जाते. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी' या पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कायमचा काढून टाकून उरलेल्या भागास नळीचा आकार दिला जातो.

जठर लहान झाले, म्हणून माणूस कमी खातो, एवढीच या शस्त्रक्रियांची मीमांसा पूर्वी केली जात असे. आता ती अपुरी ठरली आहे. अन्न आतड्याच्या पुढील भागात लवकर पोहोचल्याने जीएलपी-१ यांसारखी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात, भूक मंदावते आणि रक्तशर्करेचे नियमनही सुधारते. म्हणूनच अनेक मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन लक्षणीय घटण्यापूर्वीच, काही दिवसांत उतरू लागते. सध्या गाजत असलेली सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने याच संप्रेरकाचे अनुकरण करतात.

टक्केवारीचा घोळ

फलनिष्पत्तीचे अहवाल वाचताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. १३० किलो वजनाच्या व्यक्तीचे अपेक्षित वजन ६५ किलो आहे आणि शस्त्रक्रियेनंतर तिचे ३९ किलो वजन उतरले, असे समजू. मूळ वजनाच्या तुलनेत ही घट ३० टक्के होते. परंतु 'जादा' असलेल्या ६५ किलोंच्या तुलनेत तीच घट ६० टक्के होते. दोन्ही आकडे खरे आहेत. प्रसिद्धिपत्रकात यांपैकी कोणता छापला जाईल, हे सांगण्याची गरज नाही. प्रस्तुत लेखात सर्वत्र मूळ वजनाशी केलेली तुलना दिली आहे.

स्वीडनमधील अभ्यास

'स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स' या नावाने ओळखला जाणारा अभ्यास लार्स श्योस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये सुरू झाला आणि २००१ च्या आरंभापर्यंत त्यात रुग्णांची नोंदणी चालू राहिली. ३७ ते ६० वर्षे वयाच्या २०१० व्यक्तींवर शस्त्रक्रिया करण्यात आली. तर त्यांच्याशी अनेक बाबतींत साम्य असलेल्या २०३७ व्यक्तींवर नेहमीचे उपचार चालू ठेवण्यात आले. कोणास शस्त्रक्रिया द्यावयाची हे चिठ्ठ्या टाकून ठरविणे शास्त्रीय दृष्ट्या अधिक निर्दोष झाले असते. परंतु त्या काळी या शस्त्रक्रियांतील मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याने नीतिविषयक समित्यांनी त्यास अनुमती दिली नाही. अभ्यासातील ही उणीव मान्य करूनही, इतका दीर्घकाळ चाललेला आणि तुलनेसाठी दुसरा गट असलेला असा अभ्यास दुर्मीळ आहे, असे म्हणावे लागते.

वजनाचा आलेख प्रथम पाहू. गॅस्ट्रिक बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर आली. जठराला पट्टा बांधण्याच्या पद्धतीत हेच आकडे अनुक्रमे २० व १४ टक्के होते. तुलनेच्या गटातील वजन या संपूर्ण काळात दोन टक्क्यांच्या आतबाहेर राहिले. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. वजन काही अंशी परत येते, हे खरे. आणि दहा वर्षांनंतरही घटीचा मोठा भाग टिकून राहतो, हेही तितकेच खरे. केवळ आहारनियमनाच्या कोणत्याही पद्धतीस एवढे यश लाभलेले नाही.

मधुमेहाविषयीचे आकडे अधिक बोलके आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आरंभी मधुमेह असलेल्या शस्त्रक्रिया-गटातील ७२.३ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर मधुमेहमुक्त आढळले. पंधरा वर्षांनंतर हे प्रमाण ३०.४ टक्के उरले. तुलनेच्या गटात ते ६.५ टक्के होते. दुसऱ्या वर्षी 'मधुमेह गेला' असे ज्यांना सांगण्यात आले असेल, त्यांच्यापैकी अनेकांकडे तो परतला होता. तरीही डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांना होणाऱ्या मधुमेहजन्य विकारांचे प्रमाण शस्त्रक्रिया-गटात सुमारे निम्मेच राहिले. म्हणजे परतलेला मधुमेह हा सर्वस्वी पराभव नव्हे. मात्र 'मुक्त' हा शब्द वापरताना 'आजमितीस' असे जोडणे उचित ठरेल, आणि मुक्त घोषित झालेल्या रुग्णाचीही रक्ततपासणी व नेत्रतपासणी चालू राहिली पाहिजे.

आयुर्मानाचा प्रश्न सर्वांत मूलभूत. २००७ मध्ये, सरासरी सुमारे अकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, तुलनेच्या गटात १२९ आणि शस्त्रक्रिया-गटात १०१ मृत्यू नोंदले गेले. २०२० मधील अहवालाने यास आणखी नेमके रूप दिले. शस्त्रक्रिया-गटाचे आयुर्मान तुलनेच्या गटापेक्षा ३ वर्षांनी अधिक, परंतु सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा साडेपाच वर्षांनी कमी आढळले. शस्त्रक्रिया आयुष्य वाढविते. पण स्थूलतेने पूर्वीच केलेली हानी ती पूर्णपणे भरून काढीत नाही. शस्त्रक्रियेचा तात्कालिक धोका मात्र आता बराच कमी झाला आहे. अमेरिकेतील ४७७६ रुग्णांच्या २००९ मधील पाहणीत पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते.

गैरहजर रुग्णांचा प्रश्न

येथे अभ्यासपद्धतीचा एक मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकास ओळख क्रमांक असल्याने मृत्यूची नोंद जवळजवळ शंभर टक्के मिळू शकली. प्रत्यक्ष तपासणीस येणाऱ्यांची संख्या मात्र घटत गेली. शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही रुग्णांपैकी पंधराव्या वर्षी तपासणीस आलेले निम्म्याहूनही कमी होते. इतकी सुसंघटित आरोग्यव्यवस्था असलेल्या देशात ही स्थिती, तर जेथे रुग्ण स्वखर्चाने दूरच्या शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून घेतो तेथे काय होत असेल याची कल्पना करता येते. पाठपुराव्यास आलेल्या रुग्णांवरून यशाची टक्केवारी काढणे हे हजर विद्यार्थ्यांवरून संपूर्ण वर्गाचा निकाल लावण्यासारखे आहे. ज्याचे वजन पुन्हा वाढले तो रुग्ण अनेकदा संकोचाने डॉक्टरांकडे जाणेच टाळतो. ज्याला मदतीची सर्वाधिक गरज असते तोच नोंदवहीतून गळतो. वजन परत येण्यास शरीराची स्वतःची संप्रेरक-यंत्रणाही कारणीभूत असते, हे त्यास आरंभीच समजावून सांगितले गेले, तर तो परत येण्याची शक्यता वाढेल.

आजन्म शुश्रूषा

शस्त्रक्रियेने अन्नमार्गाची रचना बदलते आणि त्याबरोबर पोषणद्रव्यांच्या शोषणाचे गणितही बदलते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणास जठरातील आम्ल व तेथेच निर्माण होणारे एक प्रथिन आवश्यक असते. लोह मुख्यत्वे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते, आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचीही उणीव भासते. त्यामुळे पूरक गोळ्या व ठरावीक मुदतीने रक्ततपासणी या गोष्टी काही महिन्यांपुरत्या नसून आजन्म पाळावयाच्या असतात. ब-१२ चा शरीरातील साठा पुष्कळ असल्याने त्याची उणीव दिसून येण्यास काही वर्षेही लागू शकतात. गोळ्या सोडल्या आणि काहीच झाले नाही, असा फसवा अनुभव रुग्णास येतो. हातापायांना मुंग्या येऊ लागतात तेव्हा त्यांचा संबंध जुन्या शस्त्रक्रियेशी जोडला जाईलच असे नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ ची कमतरता शस्त्रक्रियेपूर्वीच व्यापक प्रमाणावर आढळते. पुण्यातील संशोधनातून ती वारंवार पुढे आली आहे. प्रथिनांचेही तसेच. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगितले जाते. वरण-भात, पोहे, भाकरी-भाजी या आहारातून, तोही एका वेळी अर्धी वाटी याप्रमाणे, हे साध्य करणे कठीण असते. डाळी, ताक, पनीर, अंडी यांना जेवणात पहिले स्थान द्यावे लागते आणि भात सर्वांत शेवटी घ्यावा लागतो. बायपास झालेल्या व्यक्तीने शिरा किंवा श्रीखंड खाल्ल्यास साखर आतड्यात वेगाने उतरून घाम, धडधड व चक्कर येऊ शकते. पंगतीतील आग्रह हा अशा रुग्णापुढील एक खरा वैद्यकीय प्रश्न आहे, याची यजमानांस सहसा कल्पना नसते.

सर्वांत तातडीचा धोका थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा. याचा साठा अवघ्या काही आठवड्यांत संपतो. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असलेल्या रुग्णास तोल जाणे, डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, मानसिक गोंधळ अशी लक्षणे दिसू लागल्यास मेंदूस कायमची इजा होण्याचा संभव असतो. असा रुग्ण शस्त्रक्रिया करणाऱ्या शहरातील रुग्णालयात न जाता गावातील दवाखान्यात जातो. अशक्तपणा समजून त्यास ग्लुकोजचे सलाइन लावले जाते. थायामिन आधी न देता केवळ ग्लुकोज दिल्यास हीच अवस्था बळावू शकते. रुग्णाच्या पाकिटात शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि 'उलट्या होत असल्यास आधी थायामिन द्यावे' एवढा मजकूर असलेले एक कार्ड असले, तर हा अनर्थ टळू शकतो. त्याच कार्डावर वेदनाशामक गोळ्यांविषयीची सूचनाही असावी. आयब्युप्रोफेन गटातील औषधांमुळे बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका वाढतो.

स्त्रियांच्या बाबतीत गर्भधारणा साधारणतः बारा ते अठरा महिने पुढे ढकलण्याचा सल्ला दिला जातो. वजन उतरल्याने स्थगित झालेली प्रजननक्षमता अनपेक्षितपणे परतते, ही गोष्ट नवविवाहित जोडप्यांस स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

मानसिक शुश्रूषेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अमेरिकेतील यूटा राज्यात ७९२५ जोड्यांची तुलना करण्यात आली. २००७ च्या त्या अहवालात बायपास झालेल्यांमधील एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी आढळले. परंतु अपघात, आत्महत्या अशा रोगाव्यतिरिक्तच्या कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. बायपासनंतर मद्य रक्तात अधिक वेगाने चढते आणि मद्यासक्तीचा धोका वाढतो, हेही पुढील पाहण्यांत दिसून आले. वजन उतरले म्हणजे संसारातील वा नोकरीतील सर्व अडचणी दूर होतील अशी अपेक्षा रुग्णाने बाळगलेली असते. ती पुरी न झाल्यास येणारे नैराश्य कोणत्याही वजनकाट्यावर दिसत नाही.

भारतीय शरीर आणि पात्रतेची रेषा

उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा बॉडी मास इंडेक्स ४०, अथवा सहव्याधी असल्यास ३५, ही पात्रतेची मर्यादा अमेरिकेत १९९१ मध्ये ठरली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. दोघांचा निर्देशांक एकच, २२.३, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. समान निर्देशांकावर भारतीय शरीरात अधिक चरबी असते आणि मधुमेहही लवकर जडतो. स्वीडिश अभ्यासातही मधुमेह टाळण्याच्या दृष्टीने होणारा लाभ आरंभीच्या निर्देशांकावर अवलंबून नसल्याचे आढळले. या विचाराशी सुसंगत अशी सुधारणा २०२२ मध्ये दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी केली. निर्देशांक ३५ असल्यास सहव्याधी नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस करावी, मधुमेहादी विकार असल्यास ३० पासून तिचा विचार करावा, आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ वरही ती देता यावी, असे त्यांनी सुचविले.

भारतातील विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये जी प्रमाणित शब्दरचना ठरवून दिली तीत मात्र ४० आणि ३५ हेच आकडे कायम राहिले. निर्देशांक ३३ असलेली आणि मधुमेह आवाक्याबाहेर गेलेली व्यक्ती वैद्यकीय निकषानुसार पात्र असूनही त्या शब्दरचनेनुसार विम्याच्या कक्षेबाहेर राहते. जी व्यक्ती कक्षेत येते, तिचीही मदार मुख्यतः रुग्णालयातील वास्तव्याच्या खर्चावर असते. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांच्या गोळ्या, दरवर्षीच्या रक्ततपासण्या आणि आहारतज्ज्ञांचे शुल्क बहुधा घरखर्चातूनच भागवावे लागते. आणि घरखर्चात काटकसर करण्याची वेळ आली की प्रकृती ठीक वाटत असलेल्या माणसाच्या गोळ्या प्रथम बंद होतात.