उघड्या मोटारीतली बैठक

सोनारीला भैरवनाथाच्या यात्रेला बैलगाडीतून गेलेला माणूस घरी आला, की पहिली तक्रार करतो ती कमरेची. पण साटीत कडबा पसरून वर वाकळ टाकली, की तोच रस्ता सुसह्य होतो. वाहनातले सुख रस्त्याइतकेच बैठकीत असते, ते असे.

याच दृष्टीने आज एका चैनीच्या गाडीकडे पाहू. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने रोडस्टर नावाची दोन माणसांची उघडी मोटार काढली. घाट जुना, १९५७ साली इंग्लंडात निघालेल्या लोटस सेव्हनसारखा: लांब नाक आणि अंगाबाहेर आलेली पुढची चाके. अंग फायबरग्लासचे, इंजिन १.८ लिटरचे इसुझु. ॲम्बॅसडरमध्येही तेच बसवीत.

अशा गाडीत माणूस जवळजवळ जमिनीलगत, पाय लांब करून बसतो. का बरे? कडब्याने उंच भरलेली गाडी वळणावर कलते, रिकामी कलत नाही. भार जितका खाली, तितकी गाडी स्थिर. पण इथे बैठक मागच्या आसाजवळ असते. एस. टी.च्या शेवटच्या बाकावर बसलेल्यांना त्याचा अर्थ सांगायला नको!

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पुढे काच असूनही मानेवर वारा लागतो, तो मागून! काचेवरून वेगाने गेलेल्या हवेमुळे काचेमागे दाब कमी होतो आणि मागची हवा उलटी आत वळते. धूळही घेऊन येते. म्हणून काही उघड्या गाड्यांत आसनांमागे जाळी लावतात. गुरुजी, वर्गात हे दाखवता येईल. पंख्यासमोर पाटी उभी धरा आणि तिच्यामागे कागदाची पट्टी लोंबती ठेवा. पट्टी सरळ मागे न उडता पाटीकडे वळवळते.

आणि ऊन? आपल्याकडे चैत्र-वैशाखात काळे रेक्झिन तव्यासारखे तापते. थंड मुलखात छप्पर काढणे हे सुख. परांड्याच्या रानात छप्पर असणे हे सुख.

ही गाडी तुम्ही-आम्ही घेणार नाही, खरे. पण ट्रॅक्टर तर गावोगाव आहेत, आणि त्यावर दिवसभर बसणाऱ्याच्या कण्याला हेच शास्त्र लागू पडते. तेव्हा ट्रॅक्टर घेताना अश्वशक्ती विचारालच. पण एकदा आसनावर बसूनही पाहा. कमरेला टेकू आहे का? पाय दांड्यांपर्यंत न ताणता पोचतात का? आसनाखालची स्प्रिंग आपल्या वजनाला दबते का? इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. कणा एकच असतो, बरं का!