कडेचंही दिसायला हवं

'काय आक्का, मोजणी आलीया व्हय?'

सकाळचे साडेसहा. माहेरच्या मळ्यात बांधावर मी तिपाईचे पाय रोवत होते आणि वाटेनं वैरणीला निघालेला शेजारच्या रानातला म्हातारा थबकला होता. तीन पायांचं यंत्र आणि त्यावर वाकलेलं माणूस म्हणजे जमिनीची मोजणी, असंच कुणालाही वाटणार. 'मोजणी न्हाई ओ मामा, फोटो काढायला आलोय,' म्हटलं. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे पाहिलं आणि 'काढा, काढा' म्हणत निघून गेले. मोजणीचा त्यांचा अंदाज तसा चुकलेला नव्हता. ती पुढच्याच आठवड्यात व्हायची होती.

मैत्रिणींनो, अडीच एकर म्हणजे फार मोठी जमीन नव्हे. पंचगंगेच्या काठाला एक विहीर, तिच्यावर वाकलेलं उंबराचं झाड, पलीकडे ऊस आणि उत्तरेला लांबवर आळत्याकडचा रामलिंगचा डोंगर. अप्पांचं वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. महिला मंडळाच्या बैठकीत मीच बायकांना सांगत असते, 'कागद वाचल्याशिवाय, विचार केल्याशिवाय सही करू नका. मुलीचाही हक्क असतो.' मी वाचून, विचार करून सही केली, एवढाच फरक. दादाच्या यंत्रमागांवरचं कर्ज मला माहीत होतं. इचलकरंजीत राहणाऱ्या बाईला मागाच्या धंद्यातली मंदी कुणी समजावून सांगावी लागत नाही. मळा विकायचं ठरलं तेव्हा मी दादाला एवढंच म्हटलं, 'खरेदीखत होण्याआधी मला एकदा सगळ्या मळ्याचा फोटो काढू दे.'

'मोबाईलवर काढ की. एका मिनिटाचं काम,' लेक म्हणाली.

तिचं बरोबरच होतं. पण कारण वेगळं होतं. अप्पा चित्रकलेचे शिक्षक. त्यांच्याकडे पेंटॅक्स के-१००० हा रोलचा कॅमेरा होता, गल्फमधून आलेल्या एका मित्राकडून घेतलेला. १९७६ साली बाजारात आलेला हा कॅमेरा वीस वर्षांहून जास्त काळ बनत होता. सगळा यांत्रिकी. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या काट्याला, ती संपली तरी फोटो निघतोच. अप्पांनी या मळ्याचे पुष्कळ फोटो काढले. पण अल्बममध्ये एका फोटोत विहीर, दुसऱ्यात उंबर, तिसऱ्यात डोंगर. सगळा मळा एकत्र कुठेच नाही. 'या लेन्समध्ये मळा मावत नाही गं,' असं ते म्हणायचे. मोठ्या कोनाची लेन्स घ्यायची, घ्यायची म्हणता म्हणता आमची शिक्षणं आणि लग्नं झाली. ती लेन्स काही आली नाही. त्यांचं राहिलेलं काम त्यांच्याच कॅमेऱ्यानं पुरं करावं, एवढंच माझ्या मनात होतं.

मग मी शिकायला सुरुवात केली. मी बी.ए.ची विद्यार्थिनी. भिंगांचा आणि माझा संबंध चष्म्यापुरता. पण कळत गेलं तसं ते फार अवघड वाटेना. अप्पांची लेन्स ५० मिलिमीटरची. ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ४६ अंशांचं दृश्य पकडते. ३५ मिलिमीटरची ६३ अंश, २८ ची ७५, २४ ची ८४ आणि २० ची ९४. आकडा जितका लहान, तितकं डोळ्यांपुढचं पान रुंद. लांबवरच्या दृश्यासाठी नवशिक्यानं २८ पासून सुरुवात करावी, असं जाणकार सांगतात. २० ची लेन्स महाग असते आणि सांभाळून न वापरली तर कडेची झाडं ताणून वाकडी करते.

आणखी एक गंमत कळली. या कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागे एक आरसा असतो, तो फोटो काढताना वर उचलला जातो. त्याला जागा हवी. पण मोठ्या कोनाची साधी लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसावी लागते. दोन्ही कसं जमायचं? १९५० साली फ्रान्समध्ये अँजेन्यू यांनी पुढे एक मोठं अंतर्गोल भिंग बसवून हा पेच सोडवला. त्याच सुमारास पूर्व जर्मनीत झाइस येनाची ३५ मिलिमीटरची फ्लेक्टोगॉन आली. रशियन मीर-१ ला तर १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनात मोठं पारितोषिक मिळालं, आणि ते नाव पुढे कित्येक वर्षं त्या लेन्सवर कोरलं जात होतं. पण भिंगं वाढली की उजेड आत इकडेतिकडे आपटतो आणि चित्र फिकं पडतं. त्यावर उपाय म्हणजे भिंगांवर पातळ लेप. पेंटॅक्सनं १९७१ पासून अनेक थरांचा लेप दिला. लेन्सवर 'एसएमसी' ही अक्षरं असतात, ती त्याचीच खूण. सूर्य समोर असताना याचा फरक कळतो.

आपल्या कोल्हापूरकरांना तर कॅमेऱ्याचं वेड नवं नाही. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीनं १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यावरून मी शेकडो वेळा गेले असेन. आता जाते तेव्हा थांबून बघते. आणि बायकांचं म्हणाल, तर होमाई व्यारावाला यांनी अवजड कॅमेरे खांद्याला लावून, साडी नेसून स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली. मग मी एक मळा टिपायला का घाबरावं?

घाबरले नाही, पण फसले मात्र. घाईत एका विक्रेत्याकडून न बघता २८ ची लेन्स मागवली. फोटोत चकचकीत दिसत होती. हातात आल्यावर खिडकीकडे धरून पाहिली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी! आपल्याकडचे चार महिने पावसाचे. दमट हवेत, कातडी पिशवीत बंद पडलेल्या लेन्सला बुरशी धरतेच. ती भिंगावरचा लेप खाते, मग पुसूनही डाग जात नाही. पैसे परत मिळाले नाहीत. ते घरात कुणाला सांगितलंही नाही, आज इथेच सांगतेय.

त्यानंतर शहाणी झाले. आमच्या गावात जुने फोटो स्टुडिओ बरेच. पूर्वी लग्नाच्या मांडवात दोन्हीकडचे पन्नास-साठ पाहुणे एका फोटोत बसवायचे, तर मोठ्या कोनाची लेन्स लागायचीच. मनात आलं, त्या लेन्स गेल्या कुठे? डिजिटल आल्यावर कपाटातच पडल्या असणार. एका वयस्क फोटोग्राफरकाकांकडे गेले. 'वैनी, रोल कोण घालतंय आता?' असं म्हणत त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि फडक्यात गुंडाळलेली पेंटॅक्स-एम २८ मिलिमीटर, एफ साडेतीनची. छोटीशी, तळहातात मावणारी.

'याच्यापेक्षा एफ दोन-पूर्णांक-आठची चांगली ना?' मी वाचीव ज्ञान पाजळलं.

'ती अंधारात बरी. तुम्हाला डोंगर-रान काढायचंय न्हवं? मग तिपाई लावा आणि एफ आठ-अकरावर काढा. तिथं ही कुणाला ऐकत न्हाई.'

काकांनी लेन्स तपासायची कशी तेही शिकवलं. बॅटरीचा झोत आरपार टाकून बघायचा, धागे किंवा धूसरपणा दिसतो का. आतल्या पात्यांवर तेल आलेलं नको, ती झटकन उघड-मिट व्हायला हवीत. फोकसची कडी सारख्याच जोरानं फिरायला हवी. पुढच्या भिंगावरचा एखादा बारीक चरा चालेल, मागच्या भिंगावरचा मात्र नको, तो फोटोत लवकर दिसतो. आणि ती आपल्याच कॅमेऱ्याच्या खाचेत बसते ना, हे लावूनच पाहायचं. साडेतीन हजार रुपये दिले आणि काकांनी डबासुद्धा दिला.

घरी आल्यावर परीक्षा. भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवली, समोर तिपाईवर कॅमेरा अगदी सरळ लावला आणि एफ साडेतीन, साडेपाच, आठ, अकरा, बावीस असे एकामागून एक फोटो काढले. पुण्याहून रोल धुऊन आला तेव्हा घड्याळजीकडून आणलेल्या भिंगातून निगेटिव्ह बघत बसले. मधली अक्षरं सगळ्याच फोटोंत वाचता येत होती. कोपऱ्यातली मात्र साडेतीनला पुसट, आठला बरी आणि अकराला लख्ख. बावीसला पुन्हा सगळंच थोडं मऊ झालेलं. फार लहान भोकातून जाताना उजेड पसरतो, म्हणून. ह्यांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, 'म्हणजे कापडासारखंच की. ठाण मधोमध सगळ्यांचंच चांगलं असतं, तपासायची ती किनार.' माझ्या सगळ्या अभ्यासाचं सार ह्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

तरी मळ्यावरचा पहिला रोल वाया गेला. लेन्स चांगली होती, चूक माझी होती. 'सगळं मावतंय' या आनंदात मी लांब उभी राहून फोटो काढले. आले ते असे: खाली रिकामी माती, वर रिकामं आभाळ आणि मध्ये उंबर म्हणजे कोथिंबिरीची काडी. रामलिंगचा डोंगर तर मुंगीच्या वारुळाएवढा. छत्तीस फोटो, आणि आज रोलचे व धुण्याचे मिळून हजाराच्या वर जातात. रडूच आलं. काकांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, 'वैनी, ह्या लेन्सनं लांब ऱ्हाऊन चालत न्हाई. जवळ जायाला लागतंय.' मोठ्या कोनाची लेन्स लांबचं आणखी लांब ढकलते आणि जवळचं मोठं करते. म्हणून पुढ्यात काहीतरी ठळक हवं, मग मागचं दृश्य त्याला धरून उभं राहतं.

त्या सकाळी मी विहिरीच्या थारोळ्यापाशी, पाच फुटांवर तिपाई लावली. एफ अकरा. लेन्सवर दोन्ही बाजूंना आकड्यांच्या रेघा असतात. अनंताची खूण उजवीकडच्या अकरावर ठेवली की डावीकडचा अकरा सांगतो कुठून स्पष्ट येणार. २८ च्या लेन्सला हे अंतर साधारण सव्वा मीटर, म्हणजे चार फूट. पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं त्यात आलं. बोटाचा धक्का लागू नये म्हणून अप्पांचीच केबल जोडली. उन्हाची तिरीप उसाच्या शेंड्यांवर आली, वारा पडला, आणि मी श्वास धरून केबल दाबली. खट्. नंतर बराच वेळ तिथेच बसून राहिले.

खरेदीखत झालं. महिन्यानं मी दादाच्या घरी मोठा करून आणलेला फोटो नेला. दादानं चष्मा चढवला. विहीर, उंबर, ऊस, डोंगर, सगळं एकाच चौकटीत. बराच वेळ तो बोलला नाही. मग त्याचं बोट खाली, अगदी डाव्या कोपऱ्यात गेलं.

'हा दगड... आई ह्याच्यावर भाकरीची बुट्टी ठेवायची न्हवं?'

फोटो काढताना मी तो दगड पाहिलाही नव्हता. पण तो होता, कडेला, त्याच्यावरची खाचसुद्धा दिसेल इतका स्पष्ट. वहिनी चहा घेऊन आल्या, त्याही वाकून बघू लागल्या. दादा म्हणाला, 'धाकटीसाठी पण एक प्रत काढ.' सह्या केल्यापासून आमच्या बहीण-भावांत मळ्याबद्दल हे पहिलंच बोलणं.

तुमच्याही घरात माळ्यावर, ट्रंकेत असा एखादा कॅमेरा असेल. भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. कातडी पिशवीतून काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, महिन्यातून एकदा उजेड दाखवा आणि सगळ्या कड्या फिरवून बघा. आणि आपलं जे काही जायच्या वाटेवर आहे, वाडा असो, वड असो, विहीर असो, त्याचा एक फोटो वेळेत काढून ठेवा. काढताना कोपरे बघा. आपल्या आया बहुतेक तिथेच कुठेतरी बसलेल्या असतात.