तगादा-पत्राचे नियोजन : व्यावहारिक लेखनाचा एक पाठ

वाणिज्य शाखेच्या वर्गात पत्रलेखन शिकविताना आपला भर बहुधा मायना, विषय, संदर्भ आणि ‘आपला विश्वासू’ या सांगाड्यावर असतो. सांगाडा आवश्यक आहेच. परंतु पत्राने काम झाले काय, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. सदर लेखात थकीत रकमेच्या मागणीचे पत्र, म्हणजेच तगादा-पत्र, उदाहरणादाखल घेतले आहे. ‘तगादा’, ‘बाकी’, ‘रक्कम’, ‘वसूल’ हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले व उर्दूतही रूढ आहेत. त्यामुळे दोन्ही भाषांच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटत नाही.

लिहिण्यापूर्वी

लेखणी उचलण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. पत्र वाचून समोरच्याने नेमके काय करावयाचे आहे? पत्र कोणाच्या हाती पडणार, मालकाच्या की हिशेबनिसाच्या? आणि ते काम करण्यास त्याला कोणती माहिती लागेल?

लिहिताना

समजा, बेळगावच्या एका लहान फाउंड्रीने पुण्याच्या कारखान्याला सुटे भाग पुरविले आणि पैसे थकले. विद्यार्थी बहुधा असे लिहितो : ‘सविनय कळविण्यात येते की, आपणांकडून बरेच दिवसांपासून रक्कम येणे आहे. तरी लवकरात लवकर पाठवून सहकार्य करावे.’ भाषा नम्र आहे. पण बिल कोणते, रक्कम किती, मुदत केव्हाची, हे हिशेबनिसाला कळत नाही. तो पत्र बाजूला ठेवतो आणि इकडे कामगारांचा पगार अडतो.

आता हे पाहावे : ‘आपण दि. ३ जून रोजी स्वीकारलेल्या मालाचे बिल क्र. २१४, रक्कम रु. १,१८,०००, याची ४५ दिवसांची मुदत दि. १८ जुलै रोजी संपली. कृपया ही रक्कम दि. ३१ जुलैपर्यंत आमच्या खात्यात जमा करावी. बिलात काही फरक आढळल्यास दि. २५ जुलैपर्यंत कळवावे. बिल व पोच यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.’ येथे नम्रता कमी झालेली नाही. वाचणाऱ्याचा शोधाशोधीचा वेळ वाचविणे हीच खरी आदब होय.

सूर आणि कायदा

पहिले पत्र आठवणीचे असावे, धमकीचे नसावे. गिऱ्हाईक टिकवावयाचे असते. उत्तर न आल्यास पुढील पत्रात कायद्याचा शांतपणे उल्लेख करावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. विलंब झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. मात्र पुरवठादाराची उद्यम नोंदणी आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

लिहून झाल्यावर

पत्र शेजारच्या विद्यार्थ्याला एकदाच वाचावयास द्यावे आणि मिटवून विचारावे : किती, कशाबद्दल, केव्हापर्यंत? तिन्ही उत्तरे आली नाहीत तर पत्र पुन्हा लिहावे. ईमेल असो वा व्हॉट्सॲपवरील चार ओळी, कसोटी हीच. गुण देताना मायन्याइतकेच वजन या तीन उत्तरांना दिले, तर वर्गातील पत्रलेखन दुकानात व कारखान्यात उपयोगी पडेल.