वायरीचा गुंता आणि नातीची भेट

उभा जन्म शाळामास्तरकींत गेल्यामुळें मुलांस रागें भरण्याची संवय अंगीं मुरली आहे. ती निवृत्तीनंतरहि सुटत नाहीं. गेल्या दिवाळींत माझी नात मुंबईहून मांडव्याच्या लाँचनें आमच्या चौलच्या घरीं आली. पिशवींत हात घालून तिनें इअरफोन म्हणून जें बाहेर काढलें तो वायरीचा एक गोळाच होता. माजघरांत सगळी मंडळी जमलेली. त्यांच्या देखत मीं तिला वस्तु नीट ठेवण्याच्या वळणाविषयीं चार शब्द ऐकविले. ती कांहीं बोलली नाहीं. खालीं मान घालून गांठी सोडवीत बसली, आणि सोडवितां सोडवितां कानाजवळची तार तुटली.

रात्रीं पानें उचलल्यावर माझा पुतण्या (तो पदार्थविज्ञान शिकवितो) हळूच म्हणाला, "काका, तिचा अपराध नव्हता. ह्यावर प्रयोग झालेले आहेत."

मला ती थट्टा वाटली. पण प्रकरण खरें निघालें. अमेरिकेंत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत डोरियन रेमर व डग्लस स्मिथ ह्या संशोधकांनीं निरनिराळ्या लांबीच्या दोऱ्या पेटींत टाकून ती पेटी यंत्रानें फिरविली. असे ३,४०० हून अधिक प्रयोग करून त्यांनीं आपले निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध केले. ४६ सेंटिमीटरपेक्षां आंखूड दोरीस जवळजवळ गांठच पडेना. त्यापुढें दीड मीटरपर्यंत मात्र गांठीचा संभव झपाट्यानें वाढत गेला, आणि तीहि अवघ्या कांहीं सेकंदांत पडूं लागली. दोरी ताठ असली, किंवा जागा इतकी अपुरी असली कीं तिला हालतांच येऊं नये, तर गांठी कमी. ह्या कामाबद्दल त्यांस २००८ सालीं इग् नोबेल नांवाचें पारितोषिक मिळालें. तें आधीं हसवितें व मग विचार करावयास लावतें, अशी त्याची ख्याति आहे. मला हसूं आलें नाहीं.

कारण उघड आहे. दोरी पिशवींत पडली कीं तिचीं वेटोळीं होतात. हिसका बसला कीं मोकळें टोंक शेजारच्या वेढ्यांच्या वरून-खालून जातें, वेणी घालतांना पेड जातो तसें. इअरफोनची वायर बहुधा सव्वा मीटरच्या आसपास असते. म्हणजे नेमकी गांठ पडण्याच्या लांबीची. त्यांत तिला टोंकें दोन नव्हेत, तीन! घर ते मांडवा एस.टी., पुढें तासाभराची लाँच. एवढ्या हेलकाव्यांत ती न गुंतती तरच नवल.

तेव्हां नातीच्या वाढदिवसास तीच वस्तु द्यावी असें ठरविलें. पेन्शनदाराची ऐपत पाहून पांचशें रुपयांची मर्यादा घातली आणि अलिबागेस गेलों. दुकानदारानें मांडलेल्या प्रत्येक खोक्यावर वायर गुंतत नाहीं असें छापलेलें होतें. छापील शब्दावर आमच्या पिढीचा फार विश्वास. पण येथें बोटांचा उपयोग अधिक झाला. वायर चिमटींत धरून वीतभर पुढें सोडावी. शेवईसारखी लुळी पडली तर ती गुंतणारच. कमानीसारखी कांहींशी ताठ राहिली तर बरी. चपटी वायर एकाच अंगानें सहज वांकते, म्हणून तिचीं वेटोळीं कमी होतात. मात्र चालतांना ती कपड्यास घांसली कीं खरखर कानांत येते. धाग्यानें विणलेल्या आवरणाची वायर ताठ व टिकाऊ वाटते, पण ती घाम धरते आणि कडेचे धागे सुटूं लागले कीं विद्रूप दिसते. आमच्या दमट किनाऱ्यास चपटीच मानवेल असें मला वाटलें.

मोकळ्या टोंकांचाहि बंदोबस्त पाहावा. जेथें वायरीचे दोन फांटे होतात तेथें वर-खालीं सरकणारा मणी असल्यास दोन्ही फांटे एकत्र बांधले जातात. कांहीं इअरफोनांच्या पाठीशीं लहान चुंबक असतात; दोन्ही बाजू एकमेकींस चिकटल्या कीं दोन टोंकांचें काम संपलें. तार तुटते ती बहुधा खुंटीच्या व कानाच्या तोंडाशीं, म्हणून तेथें लवचिक रबराची जाड बाही आहे ना, हें पाहावें. घरून निघण्यापूर्वीं फोनचें भोंक कोणतें, साडेतीन मिलिमीटरचें गोल कीं टाइप-सी, हें विचारून ठेवावें. मीं विचारलें नव्हतें. दुकानांतून सूनबाईस फोन करावा लागला.

बिनतारी घ्या, असा दुकानदाराचा आग्रह होता. तेथें गुंत्याचा प्रश्नच नाहीं हें खरें. पण ती रोज चार्ज करावी लागते, आंतली बॅटरी कांहीं वर्षांनीं थकते, आणि सुपारीएवढा तुकडा लाँचवरून खाडींत पडला तर तो समुद्राचा.

रबरी टोप्यांबद्दल मात्र मीं हट्ट धरला. लहान, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही मापांच्या टोप्या सोबत हव्यात. टोपी कानांत नीट बसली नाहीं कीं लाँचच्या इंजिनाची धडधड आंत येते, आणि तिच्यावर मात करण्यासाठीं मुलें आवाज वाढवितात. कानाच्या आंतल्या सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ह्यांनीं २०१९ सालीं ठरविलेल्या प्रमाणांत मोठ्यांस आठवड्यास ४० तास ८० डेसिबलपर्यंत, व मुलांस तितकेच तास ७५ डेसिबलपर्यंत, अशी मर्यादा आहे. माझ्या थोरल्या बंधूंशीं आतां ओरडून बोलावें लागतें. त्या घरांत ह्याहून अधिक सांगणें नको.

रेवदंड्याचे कोळी दोर गुंडाळून झाला कीं त्याचें टोंक मोकळें सोडीत नाहींत, हें लहानपणापासून पाहात आलों आहें. जानव्याचें सूत चार बोटांभोवतीं ९६ वेढे घेऊन मोजतात, हेंहि ठाऊक. पण गोल वेढ्यागणिक वायरीस पीळ बसतो. म्हणून दोन बोटांवर मराठी चाराच्या आंकड्यासारखी, आलटून पालटून उलटी, अशी ती गुंडाळावी. मग घट्ट बसेल अशा डबींत ठेवावी. आमच्या घरांतली सुपारीची जुनी पितळी डबी त्यास नेमकी पुरली.

वाढदिवसाच्या दिवशीं डबी तिच्या हातीं देण्यापूर्वीं, ज्या माजघरांत बोललों होतों त्याच माजघरांत, सर्वांच्या देखत मीं माझे शब्द परत घेतले. ती हंसली व म्हणाली, "आजोबा, मग जुना इअरफोन आतां तुम्हीं सोडवा."

तो माझ्या मेजावर आहे. दोन गांठी सुटल्या. तिसरी अजून सुटत नाहीं.