दिल्लीच्या शाळांतली चार-पाच भेटींची मदत

गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगथ’ संस्थेनं दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मनाचा त्रास असलेल्या, नववी ते बारावीतल्या सुमारे २५० विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना फक्त पुस्तिका मिळाल्या. बाकीच्यांना जोडीला समुपदेशकही भेटले. हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण तज्ज्ञ आपल्याकडे फारच थोडे आहेत. अडचण नेमकी ओळखायची, उपाय शोधायचे, एक निवडून करून पाहायचा, एवढंच त्या भेटींत शिकवलं. सहा आठवड्यांनी समुपदेशक भेटलेल्या मुलांना बाकीच्यांपेक्षा अडचणी कमी जाचत होत्या. मानसिक लक्षणांत मात्र दोन्ही गटांमध्ये ठळक फरक आढळला नाही.