गारव्याचा पहारेकरी

गतवर्षी वैशाखातील एका दुपारी आम्ही मोटारीने निपाणीहून बेळगावास निघालो होतो. तवंदी घाट चढताना गाडीतील थंड हवा एकाएकी गरम येऊ लागली. सोबत वृद्ध मातुःश्री होत्या. म्हणून गाडी निपाणीस परत आणली. पहिले मिस्त्री म्हणाले, "प्रेशर स्विच गेलाय. तार लावून डायरेक्ट करून देतो." दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींनी मात्र मान हलविली. "पहारेकरी ओरडला म्हणून त्याचंच तोंड बांधायचं? चोर आलाय का, ते आधी बघू." त्या दिवशी जे समजले, ते विद्यार्थीमित्रांपुढे ठेवीत आहोत.

मोटारीत गारवा निर्माण करणारा वायू बंद नळ्यांतून फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता टाकून द्रवरूप होतो. पुढे अरुंद छिद्रातून सुटल्यावर त्याचे बाष्प होते आणि ते आतील हवेची उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसरचे वंगणतेलही याच वायूबरोबर फिरते. वायू गळून गेला, तर तेल परतत नाही व कॉम्प्रेसर जाम होतो. उलट, जाळी धुळीने बुजली अथवा तिचा पंखा थांबला, तर दाब भलताच वाढतो.

या दोन्ही संकटांवर दाब-स्विच लक्ष ठेवतो. त्यातील पातळ पडदा दाबाने हलतो. दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2 किलोग्रॅमच्या खाली उतरला किंवा 30 च्या आसपास चढला, की तो कॉम्प्रेसरची वीज तोडतो. घरच्या कुकरची सुरक्षा-झडप फक्त वाढलेला दाब ओळखते; हा दोन्ही टोके ओळखतो.

मिस्त्रींनी प्रथम पंखा व जाळी पाहिली. मग इंजिन बंद ठेवून दाबमापक लावला. गाडी थंडावल्यावर 35 अंश उष्णतेत 134-ए या वायूचा दाब सुमारे 8 किलोग्रॅम असावा, तेवढाच भरला. तरीही स्विचमधून वीज जात नव्हती. म्हणजे चोर नव्हता. पहारेकरीच बिघडला होता. (कित्येक नव्या गाड्यांत स्विचऐवजी तीन तारांचा संवेदक असतो, त्याची तपासणी निराळी असते.)

कित्येक गाड्यांत स्विचखाली मोटारीच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह असतो. तेथे वायू न काढताही स्विच बदलता येतो. आमच्या गाडीत तो होता. नसेल, तर वायू आधी यंत्राने काढून टाकीत साठवावा लागतो. उसळलेल्या वायूने त्वचा गोठते, डोळेही जाऊ शकतात. तो हवेत सोडणेही अनुचित, कारण कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो हजाराहून अधिक पट उष्णता रोखून धरतो.

मिस्त्रींनी चष्मा व हातमोजे घातले, जुना स्विच काढला, नव्या रबरी कडीला कॉम्प्रेसरचेच तेल लावले, त्याच दाबमर्यादेचा स्विच बेताने आवळला आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे पाहिले. थोड्याच वेळात मातुःश्रींना पुन्हा गार वारा लागला.

तारेने काम त्या दिवशी भागलेही असते. परंतु पुढे वायू गळाला असता, तर आम्हांस सावध करणारे कोणी उरले नसते.